गोधड्यांचा हिशोब

दादर, मुंबई

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. घोटी सोडल्यावर गाडीची क्लच प्लेट गेली, शेवटचा टप्पा बॅटरीच्या उजेडात चालत काढला आणि रात्री दोनला कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातल्या एका घराने तुम्हा नऊ जणांना पडवीत घेतलं. कळसूबाईवरचा सूर्योदय हुकल्याची हळहळ दोन ओळींत उरकून बाकी सगळं तू त्या मावशींनी पाचशेची नोट परत केली त्यावर लिहिलंस, हे मला आवडलं. आता विचारतोस, त्यांच्या मुलाच्या नंबरवर जीपे करू का?

नको. रात्रीच्या आसऱ्याचे तर नकोच. दार उघडताना त्यांनी भाव ठरवला नव्हता, मग तू मागाहून कशाला ठरवतोस? सकाळच्या पिठलं-भाकरीची गोष्ट वेगळी. बारीत कितीतरी घरं ट्रेकर्सना जेवण करून देतात, तो त्यांचा धंदा आहे आणि त्याचा दर असतो. ते पैसे दिलेस की नाही, हे तू लिहिलंच नाहीस. राहिले असतील तर मुलाला फोन करून नऊ ताटांचे किती झाले ते विचार आणि तेवढेच पाठव. वर 'खुशीने' वगैरे काही घालू नकोस.

गोधड्यांचं मात्र नीट ध्यानात घे. फेब्रुवारीत तिथे पहाटे चांगलंच झोंबतं. नऊ माणसांना पुरतील एवढ्या जास्तीच्या गोधड्या कुठल्या घरात असतात रे? तुझ्या अंगावरची गोधडी आधीच उबदार होती, असं तूच लिहिलंयस. म्हणजे ती कुणाच्या तरी अंगावरून काढलेली होती. बहुतेक पोरांच्या.

म्हणून सांगतो, असा पाहुणचार बेतात धरायचा नाही. 'काही झालं तर गावकरी आहेतच' असं म्हणणारे ग्रुप मला पटत नाहीत. रात्री दहाला मुंबई सोडायची, ड्रायव्हरला रात्रभर कसारा घाटातून पिदडायचं आणि तसंच उठून चढायला लागायचं, हा बेतच मुळात तकलादू. क्लच नसता गेला तरी निम्मे लोक शिड्यांपाशी बसले असते. १६४६ मीटरचं शिखर आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. अंधारात, झोपमोड झालेल्या पायांनी त्या लोखंडी शिड्या चढणं ही गंमत नव्हे.

त्यापेक्षा पुन्हा जाल तेव्हा शनिवारी दुपारीच निघा. कसारा लोकल धरा आणि पुढे ठरवलेल्या जीपने जा. संध्याकाळी बारीत पोहोचा, जेवा, लवकर झोपा. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तुमच्यासारख्यांना वर जायला तीनेक तास धर, म्हणजे साडेतीनला निघालात तरी देवळापाशी टेकून श्वास घ्यायला वेळ उरतो. वाट दाखवायला गावातलाच कुणीतरी घ्या आणि त्याची मजुरी आधी बोलून ठेवा. प्लास्टिक खाली आणा, ते अभयारण्य आहे.

आणि उतरायचं त्याच घरी. या वेळी दर विचारून, माणशी जेवण आणि मुक्काम धरून. मावशी तेव्हा पैसे घेतील, बघ. घेताना त्यांना अवघडायला होणार नाही आणि देताना तुलाही.

तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात जुने कपडे गोळा करून न्यायचं आलं असेल, तर तिथेच थांबव. ज्यांनी अंगावरची गोधडी दिली, त्यांच्या दारात आपले विटलेले टी-शर्ट ओतायचे नसतात. न्यायचंच असेल तर त्या सकाळी अंगणात काढलेला फोटो मोठा छापून ने.

जायच्या दोन दिवस आधी फोन कर, आदल्या रात्री नव्हे. माणसं किती, उपवासाचं कुणी आहे का, भाकरी तांदळाची हवी की नागलीची, एवढं सांग. दळण आणायला त्यांना वेळ लागतो.

तुझा,
काका