'लाइट' सिगारेटचा हिशेब

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

नेहमीची सोडून 'लाइट'वर आलास, तीही दिवसाला तीन-चारच, असं कळवलंस. हेतू चांगला आहे, हिशेब चुकतोय.

फिल्टरवरचा कागद सोडवून उजेडासमोर धर. बारीक भोकांची रांग दिसेल. तपासणीचं यंत्र झुरका घेतं तेव्हा या भोकांतून बाहेरची हवा मिसळते, धूर पातळ होतो आणि डांबराचा, म्हणजे धुरातल्या चिकट 'टार'चा, आकडा कमी येतो. तुझी बोटं आणि ओठ मात्र बरेचदा त्याच भोकांवर बसतात. शिवाय मेंदूला ठरलेलं निकोटिन हवं असतं, म्हणून झुरका नकळत लांबतो आणि धूर फुप्फुसात खोलवर जातो. आणि 'तीन-चारच'चं म्हणशील, तर दिवसाला एकच ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नव्हे.

धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात, त्यांतली सुमारे ७० कर्करोग घडवणारी. यादी पाठ करू नकोस, ती येतात कुठून ते बघ. कॅडमियम हा विषारी धातू तंबाखूचं झाड मातीतूनच ओढून घेतं. ते मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठून राहतं. नायट्रोसामाइन मुख्यतः पान वाळवताना, मुरवताना तयार होतात. उरलेली बरीचशी जळण्यातून येतात. झुरक्याच्या वेळी टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं, पण त्यामागे प्राणवायू पुरत नाही. ज्वलन अर्धवट राहतं आणि बेंझोपायरीन, बेंझीन, कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. पान कुठलंही जाळ, हे चुकत नाही. 'हर्बल' सिगारेटही त्यातलीच. बिडीचं तेंदूपान कागदासारखी हवा आत घेत नाही, ती सारखी विझू पाहते, म्हणून झुरके जास्त मारावे लागतात. हुक्क्यातलं पाणी धूर गार करतं, एवढंच.

जिना चढताना दम लागतो त्यात कार्बन मोनॉक्साइडचा हात असतो. फिल्टर त्याला अडवत नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो आणि त्यातला निम्मा उतरायलाच चार-पाच तास लागतात. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, म्हणजे रक्त पुरतं मोकळं व्हायला वेळच नाही. अक्रोलीन आणि हायड्रोजन सायनाइड श्वासनलिकेतले कफ बाहेर ढकलणारे बारीक रोम बधिर करतात. सोडल्यावर काहींचा खोकला थोडे दिवस वाढतो, कारण रोम पुन्हा कामाला लागलेले असतात. तेव्हा घाबरून परत टपरीवर जाऊ नकोस.

गोडी निकोटिनची, बाकीचं नुकसान बहुतांशी धुराचं. म्हणून तलफ आली की २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम घे. च्युइंगगमसारखा सतत चघळलास तर निकोटिन पोटात जाऊन उचकी नि मळमळ होईल. हळू चाव, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून दे, चव ओसरली की पुन्हा चाव; अर्धा तास पुरतो. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याखेरीज काही घेऊ नकोस. कॉफी-सरबताने तोंड आंबट झालं की निकोटिन नीट शोषलं जात नाही.

अजून एक, जे सहसा कुणी सांगत नाही. डांबरातल्या पदार्थांमुळे यकृत कॅफीन भराभर मोडतं. धूर थांबला की तेवढाच चहा-कॉफी जास्त चढते: धडधड, चिडचिड, झोप गायब. लोक याला सोडण्याचा त्रास समजतात. पहिल्या आठवड्यात कप निम्मे कर.

अडलं तर १८००-११२-३५६ या मोफत क्रमांकावर बोल. तो पाकिटावरच छापलेला असतो. तू सुटी सिगारेट घेतोस, म्हणून दिसला नसेल.

तुझा हितचिंतक