प्लाझ्मिड गुणसूत्रात ‘विलीन’ होतो का?

प्रश्न असा आहे: ‘प्लाझ्मिड गुणसूत्रात विलीन होतो आणि जीवाणूंच्या संकरातून जनुकांचे हस्तांतर होते’ हे एका मराठी टिपणातलं वाक्य बरोबर आहे का? नसेल तर ‘इंटिग्रेशन’साठी कोणता शब्द वापरावा? (प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या पेशीतला, गुणसूत्राबाहेरचा छोटा, बहुधा वर्तुळाकार डीएनए; ‘इंटिग्रेशन’ म्हणजे तो गुणसूत्रात जाऊन बसणं.)

सगळ्यात चुकीचा शब्द ‘विलीन’. संस्थानं विलीन झाली म्हणजे त्यांच्या हद्दी पुसल्या गेल्या. प्लाझ्मिडची हद्द पुसली जात नाही. ई. कोलाय या जीवाणूचं गुणसूत्र म्हणजे सुमारे 46 लाख बेस-जोड्यांचं (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचं) वर्तुळ. एफ प्लाझ्मिड (हा असलेली पेशी दुसऱ्या पेशीला डीएनए देऊ शकते) सुमारे 1 लाख जोड्यांचा. दोन्हींवर सारखाच क्रम असलेला एखादा तुकडा सापडतो, बहुधा आयएस 2 किंवा आयएस 3 सारखा जागा बदलणारा घटक. त्या तुकड्यात एकदा अदलाबदल झाली की दोन वर्तुळांचं एक मोठं वर्तुळ होतं. लॅम्डा या जीवाणूंना लागणाऱ्या विषाणूच्या बाबतीत हे चित्र अ‍ॅलन कॅम्पबेल यांनी 1962 मध्ये मांडलं. प्लाझ्मिड अख्खा आत बसतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना तो सारखा तुकडा उरतो. त्याच दोन तुकड्यांत पुन्हा अदलाबदल झाली की प्लाझ्मिड बाहेर.

म्हणून क्रियापद ‘सांधला जाणे’ घ्यावं आणि उलट क्रियेला ‘सुटणे’. नाम हवंच असेल तर ‘समावेशन’ चालेल. सुटण्याला काही जण ‘उत्सर्जन’ लिहितात. ते मूत्रपिंडांकडेच राहू द्यावं. सुटताना चूक झाली तर प्लाझ्मिड शेजारचं जनुकही घेऊन निघतो, उदाहरणार्थ लॅक (दुधातली साखर पचवण्याचं जनुक), आणि त्याला एफ-प्राइम म्हणतात. ‘विलीन’ लिहिणाऱ्याला हे वाक्य लिहिताच येणार नाही.

‘संकर’ही नको. संकरात दोन्ही पालकांचा वाटा साधारण बरोबरीचा असतो. इथे देणं एकाच दिशेनं चालतं. लेडरबर्ग आणि टेटम यांनी 1946 मध्ये दाखवलेल्या या प्रकाराला ‘संयुग्मन’ हा शब्द रुळला आहे, तोच ठेवावा. देणारा ‘दाता’, घेणारा ‘ग्राही’ (‘ग्राहक’ नव्हे, इथे दुकान नाही). संयुग्मनाला पेशींचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो. बाहेर पडलेला उघडा डीएनए पेशीनं उचलला तर ते ‘रूपांतरण’, आणि जीवाणुभक्षी विषाणूनं वाहून आणला तर ‘ट्रान्सडक्शन’. या तिघांना सरसकट एकच शब्द वापरला की प्रयोगाचा अर्थच बदलतो.

‘हस्तांतर’ चालेल, पण जपून. जमिनीच्या हस्तांतरात देणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. इथे रिलॅक्सेज विकर एका धाग्याला ठरलेल्या जागी काप देतं, तो धागा ग्राहीत जातो आणि दोन्हीकडे पूरक धागा तयार होतो. दात्याकडचं दात्याकडेच राहतं. म्हणून एकदा तरी ‘प्रत जाते’ असं लिहावं.

एफ गुणसूत्रात सांधलेल्या दात्याला एचएफआर (‘हाय फ्रिक्वेन्सी ऑफ रिकॉम्बिनेशन’) म्हणतात. त्यात काप एफच्या आतच पडतो, म्हणून एफचा एक भाग सर्वांत आधी आणि उरलेला सर्वांत शेवटी जातो. 37 अंशांवर सगळं गुणसूत्र जायला सुमारे 100 मिनिटं लागतात आणि जोडी बहुधा त्याआधीच तुटते. त्यामुळे ग्राहीला लॅक मिळतं, पण तो दाता होत नाही. ‘प्लाझ्मिड ग्राहीत गेला’ असं एचएफआरबद्दल लिहिणं म्हणूनच चूक. वोलमन आणि जाकोब यांनी ठरावीक वेळानं मिश्रण ब्लेंडरमध्ये फिरवून जोड्या तोडल्या आणि जनुकांचा क्रम मिनिटांत मोजला: एचएफआर-एच दात्यापासून थ्रिओनिनचं जनुक सुमारे 8व्या मिनिटाला, लॅक 18च्या आसपास, गॅल (गॅलॅक्टोज साखर पचवण्याचं) 25च्या आसपास. असा प्रयोग लिहिताना ‘हलकेच मिसळा’ आणि ‘जोरात ढवळून तोडा’ या दोन सूचना वेगळ्या ठेवाव्यात. जोड्या जुळायच्या वेळीच नळी जोरात हलवली तर पुढे मोजायला काही उरत नाही. जीवाणू वाढवायच्या थाळीत दात्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक असतं, म्हणून ग्राही त्याला प्रतिरोधक घेतात. एकटा दाता आणि एकटा ग्राही यांच्या थाळ्या लावल्या नाहीत तर आपोआप प्रतिरोधक झालेले दाते किंवा मूळ रूपाला परतलेले ग्राही संयुग्मनाच्या खात्यात जमा होतात.

शब्दांचा हा फरक आज सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो जनुक काढून टाकण्याच्या कामात. ग्राहीत स्वतःच्या प्रती काढू न शकणारा प्लाझ्मिड घेतात; त्यावर हव्या जागेच्या दोन्ही बाजूंचे साधारण 500 ते 1000 जोड्यांचे तुकडे, कॅनामायसिन या प्रतिजैविकाला प्रतिरोध देणारं जनुक आणि सॅकबी जनुक (हे असलेली पेशी साखरेवर मरते) असतं. कॅनामायसिनच्या थाळीवर वाढतो तो ‘सांधलेला’. मग मीठ नसलेल्या, 5 ते 10 टक्के साखरेच्या थाळीवर ‘सुटलेला’ निवडायचा. पण सुटलेल्यांत दोन जाती निघतात: जनुक गमावलेले आणि जसेच्या तसे मूळ रूपाला परतलेले. शिवाय सॅकबीच बिघडलं तर न सुटलेलाही साखरेवर वाढतो. म्हणून कॅनामायसिनवर मरतो का हे आधी पाहायचं, मग पीसीआरनं (त्या जागेच्या डीएनएच्या प्रती काढून) जनुक गेलं का ते. टिपणात नुसतं ‘इंटिग्रेट झाला’ लिहिलं की वाचणाऱ्याला आपण पहिल्या टप्प्यावर आहोत की दुसऱ्या, हेच कळत नाही.