१६७८ चा ‘पोपिश प्लॉट’, म्हणजे इंग्लंडमधला कॅथलिकांचा कथित कट, खरा होता का?

नाही. जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री प्रोटेस्टंट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मारून त्याचा कॅथलिक भाऊ जेम्स याला गादीवर बसवणार, ही टायटस ओट्सने रचलेली थाप होती.

मग लोकांना ती पटली कशी? १६०५ चा संसद उडवण्याचा कॅथलिकांचा कट खरा होता आणि त्याची भीती पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली होती. १६६६ च्या लंडनच्या आगीचं खापरही कॅथलिकांवर फुटलं होतं. त्यातच, ज्या न्यायाधिकाऱ्यापुढे ओट्सने शपथेवर जबानी दिली, ते एडमंड बेरी गॉडफ्रे ऑक्टोबर १६७८ मध्ये मृत सापडले. तो मृत्यू आजही उलगडलेला नाही, पण लंडनला तेव्हा तोच पुरावा वाटला.

किमान १५ निरपराध माणसं फासावर गेली. मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो आयर्लंडचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांचा खटला. त्यांना लंडनला आणलं, पण आयर्लंडहून साक्षीदार यायला पुरेसा वेळही दिला नाही. १ जुलै १६८१ रोजी टायबर्नला, लंडनच्या वधस्थळी, त्यांना मारलं.

ओट्सला १६८५ मध्ये खोट्या साक्षीबद्दल फटके आणि तुरुंगवास झाला. १६८९ मध्ये तो सुटला, वर पेन्शनही मिळाली. या भीतीपोटी कॅथलिकांना बंद झालेली संसदेची दारं मात्र १८२९ पर्यंत बंदच राहिली.