चालीरीतीचा पुरावा कुठला आणि कधीचा, हे आधी विचारा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात वहाण काढून देण्याची रीत येते, ती काय आहे. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो; त्यातलं 'सुईचं नाक' हे जेरुसलेमचं एक लहानसं दार होतं असं प्रवचनात ऐकलं, ते खरं का. आणि बायबलमागच्या जुन्या चालीरीतींचा अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून करायची. मी बरीच वर्षं हाच विषय वाचतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दाराचं आधी उरकतो. येशूच्या काळी जेरुसलेमला या नावाचं दार होतं याचा एकही पुरावा नाही. ही कथा मध्ययुगात बायबलवर भाष्य लिहिणाऱ्यांपासून पुढे चालत आली. उलट बॅबिलोनी तालमूद या यहुदी ग्रंथात सुईच्या नाकातून जाणारा हत्ती अशक्य गोष्टीचं उदाहरण म्हणून येतो, आणि येशूचा उंट त्याच जातकुळीतला आहे. शिवाय मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात येशूचं ते बोलणं ऐकून शिष्य थक्क होतात आणि 'मग कोणाचं तारण होणार?' असं विचारतात. उंटाला ओझं उतरवून, गुडघे टेकून आत शिरता येत असतं, तर थक्क होण्याजोगं त्यात काय होतं? तेव्हा एखादी प्रथा अवघड वचन फारच सोपं करून देत असेल, तर तिचा पुरावा अधिक कसून मागावा.

आता रूथ. ती नामीची विधवा सून, आणि बवाज हा त्या घराण्याचा नातलग. बवाज वेशीपाशी बसतो, गावातल्या दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतो आणि जवळच्या नातलगाला विचारतो की नामीची जमीन सोडवतोस, म्हणजे विकत घेऊन घराण्यात ठेवतोस का. तो हो म्हणतो. जमिनीबरोबर रूथशी लग्नाचाही विषय येतो असं कळल्यावर मात्र तो माघार घेतो आणि वहाण काढून देतो. इथे सातवं वचन सावकाश वाचा. सोडवणूक आणि अदलाबदल पक्की करण्यासाठी इस्राएलात पूर्वी अशी रीत होती, असं लेखक मध्येच थांबून सांगतो. म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या वाचकांनाही ती समजावून द्यावी लागत होती. आपण हरवलेली रीत शोधतो आहोत आणि लेखक स्वतःच तिच्याकडे मागे वळून पाहतो आहे.

शेजारी बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा २५वा अध्याय ठेवा. तिथे मेलेल्या निपुत्रिक भावाच्या विधवेशी लग्न करायला दीर नकार देतो. मग ती विधवा वडीलधाऱ्यांदेखत त्याच्या पायातली वहाण काढते, त्याच्या तोंडावर थुंकते, आणि त्याच्या घराण्याला बदनामीचं कायमचं नाव पडतं. रूथमध्ये थुंकणं नाही, वहाण तो माणूस स्वतः काढतो, तो रूथचा दीरही नाही आणि त्या बैठकीत रूथ बोलतही नाही. एकीकडे अपमान आहे, दुसरीकडे व्यवहार पक्का झाल्याची खूण. दोन्ही ठिकाणी वहाण आहे म्हणून दोन्ही एकच प्रथा, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडेल. ते पटवून घेण्याआधी हे फरक एका कागदावर उतरवा.

अनुवादातला हा विधी, म्हणजे हलित्सा, यहुदी धर्मशास्त्रात आजही आहे, आणि त्याची झळ मराठी बोलणाऱ्या लोकांना लागलेली आहे. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजात घटस्फोटाचे आणि विधवा भावजयीसंबंधीचे नियम पिढ्यानपिढ्या शास्त्राप्रमाणे पाळले गेले असतील का, अशी शंका तिथल्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, काढली. १९६२ मध्ये लग्न लावण्यापूर्वी त्यांची वंशावळ तपासण्याच्या सूचना निघाल्या. लोकांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये हा समाज सर्वार्थाने यहुदीच आहे अशी भूमिका इस्रायलच्या सरकारला आणि संसदेला जाहीर करावी लागली. जुन्या प्रथांचा अभ्यास म्हणजे मेलेल्या गोष्टींची उस्तवार, असं कोणी म्हणालं की मला हे आंदोलन आठवतं.

उत्पत्तीच्या पुस्तकाबद्दल मात्र खास सावध राहायला हवं, कारण इथे विद्वानसुद्धा घसरले. इराकमध्ये किर्कुकजवळ नुझी नावाच्या जुन्या शहराचं उत्खनन १९२५ ते १९३१ मध्ये झालं. इसवी सनपूर्व पंधराव्या-चौदाव्या शतकातल्या हजारो मातीच्या पाट्या मिळाल्या: दत्तकपत्रं, लग्नाचे करार, वाटण्या. त्यात एका करारात अट आहे की बायकोला मूल झालं नाही तर तिने नवऱ्याला एक दासी आणून द्यावी. वाचणाऱ्यांना लगेच उत्पत्तीतल्या अब्राहामाची बायको सारा आणि तिची दासी हागार दिसल्या. स्पायझरसारख्या मोठ्या अभ्यासकाने तर अब्राहाम सारेला बहीण का म्हणतो याचंही उत्तर नुझीत शोधलं: तिथे बायकोला कायद्याने बहिणीचा दर्जा देण्याची चाल होती, असं त्याचं म्हणणं. कित्येक वर्षं हे पाठ्यपुस्तकांतून शिकवलं गेलं.

पुढे पाट्या पुन्हा तपासल्या गेल्या. बहिणीविषयीचे ते करार बहुतेक भावाने आपल्या बहिणीचं लग्न जुळवण्याचा हक्क दुसऱ्याला देण्याविषयीचे निघाले. १९७४ मध्ये थॉम्पसन आणि १९७५ मध्ये व्हॅन सीटर्स या अभ्यासकांनी हे सगळे दाखले एकेक करून तपासले, आणि बायको-बहिणीचा सिद्धांत जवळपास कोसळला.

दासीचा मुद्दा मात्र टिकला, पण वेगळ्या अर्थाने. तशीच अट नुझीच्या कितीतरी आधीच्या, आजच्या तुर्कस्तानातल्या कुलतेपे इथल्या अश्शूरी व्यापाऱ्यांच्या करारात आहे. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यातही आहे. त्याचं १४६वं कलम जरूर वाचा. देवळाला वाहिलेल्या विशिष्ट वर्गातल्या पत्नीने नवऱ्याला दासी दिली, दासीला मुलं झाली आणि मग ती मालकिणीशी बरोबरी करू लागली, तर मालकिणीने तिला विकायचं नाही, पण पुन्हा दासींत गणायचं. आणि मग उत्पत्ती १६ उघडा: आपल्याला दिवस गेले असं कळताच हागार मालकिणीला तुच्छ लेखू लागते, सारा चिडते आणि अब्राहाम म्हणतो, दासी तुझ्या हाती आहे. घरातला ताण हुबेहूब तोच. पण ही चाल एवढा दीर्घ काळ आणि एवढ्या मोठ्या प्रदेशात आढळते की तिच्यावरून अब्राहामाचं शतक ठरवता येत नाही. प्रथेने गोष्ट कळते, तारीख कळत नाही. हा एक फरक पक्का ध्यानात धरलात तरी निम्मी चुकीची पुस्तकं आपोआप बाजूला पडतील.

दुसरा फरक कायदा आणि वागणूक यांतला. अनुवाद २४ मध्ये सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा कागद, लिहून देणारा पुरुषच आहे. पण इजिप्तमध्ये नाईल नदीतल्या एलिफंटाईन बेटावर इसवी सनपूर्व पाचव्या शतकात यहुदी सैनिकांची वस्ती होती. त्यांचे पपायरसवरचे लग्नाचे करार मिळाले आहेत, आणि त्यांत बायकोनेही मंडळीसमोर उभं राहून नवरा नको म्हणायची सोय आहे. शास्त्रात एक आणि घरोघरी दुसरं, हे आपल्याकडे कोणाला नव्याने सांगायला नको.

आता नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचं, एक उदाहरण, कारण इथे पुरावा अक्षरशः हातात घेता येतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात काना गावच्या लग्नात दगडाचे सहा रांजण आहेत, प्रत्येकात साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावणारे. दगडाचेच का? लेवीय या पुस्तकाच्या ११व्या अध्यायाप्रमाणे मातीचं भांडं अशुद्ध झालं की फोडावं लागतं, आणि मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या परंपरेत दगडाच्या भांड्याला अशुद्धता लागतच नाही. म्हणून मऊ, पांढऱ्या चुनखडीची भांडी आली: लहान पेले हाताने कोरलेले, मोठे रांजण कातून काढलेले. ती पहिल्या शतकातल्या यहुदी घरांत सर्रास सापडतात. जेरुसलेममध्ये इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जाळलेलं एक घर उत्खननात मिळालं, त्यात ती आहेत. गालीलात नाझरेथजवळ रेना इथे तर अशी भांडी घडवण्याचा कारखानाच मिळाला. ही भांडी हेरोद राजाच्या काळाच्या सुमारास दिसू लागतात आणि दुसऱ्या शतकात विरळ होत जातात. योहानाने जाता जाता टाकलेला एक शब्द नेमका त्या काळात चपखल बसतो.

मराठी वाचकाला इथे चटकन सोवळं-ओवळं आठवतं. त्याने समजायला मदत होते, पण तिथेच थांबू नका. यहुदी शास्त्रातली अशुद्धता म्हणजे पाप नव्हे आणि तिचा जन्मजात उच्च-नीचतेशी संबंध नाही. बाळंतपणाने, प्रेताला शिवल्याने ती कोणालाही येते, आणि ठरलेल्या दिवसांनी, पाण्याने जाते.

मिश्ना सुमारे इसवी सन २०० मध्ये संकलित झाली. जेरुसलेमचं मंदिर पडून तेव्हा शंभरावर वर्षं झाली होती. त्यामुळे 'येशूच्या काळी मंदिरात असं करत' हे फक्त मिश्नावरून कोणी सांगितलं, तर पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस काय म्हणतो, मृत समुद्राच्या गुंडाळ्यांत, म्हणजे तिथे सापडलेल्या जुन्या यहुदी हस्तलिखितांत, काय आहे, जमिनीतून काय निघालं, हेही पाहा. मिश्ना आणि तालमूद भाषांतरासह सेफारिया या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

सुरुवात रूथपासूनच करा. चार छोटे अध्याय आहेत. सोबत लेवीय १९:९-१०, लेवीय २५:२५ आणि अनुवाद २५:५-१० उघडे ठेवा आणि टीकाग्रंथ, म्हणजे भाष्यं, अजून हातात घेऊ नका. लेवीयात शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं गरिबासाठी राहू द्या, एवढंच आहे. रूथच्या दुसऱ्या अध्यायात ती बवाजाच्या शेतात पडलेली कणसं वेचायला येते; तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काढून तिच्यासाठी टाका, आणि संध्याकाळी झोडपून रूथजवळ एक एफा, म्हणजे जवळपास २० लिटरच्या मापाचं जव होतं. नियमाने किती मिळालं असतं आणि बवाजाने किती दिलं, ते त्या पानावर स्वतः मोजा. मग टीकाग्रंथ उघडा.