पर्सेफनी खरंच स्वतःहून गेली होती का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही वाचलेल्या प्रेमकथेत ग्रीक पुराणातली पर्सेफनी आपल्या मर्जीने पाताळाचा राजा हेडीसकडे जाते आणि तिची आई, धान्याची देवी डिमीटर, हीच खरी जाचक ठरते. मग एका व्हिडिओत ऐकलं की हीच 'मूळ' कथा, पळवून नेण्याचा भाग नंतर पुरुषांनी घुसडला. यातलं खरं काय आणि वाचायला सुरुवात कुठून करायची?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. पर्सेफनी स्वतःहून पाताळात उतरते असं सांगणारी एकही प्राचीन ग्रीक कथा आपल्यापर्यंत पोचलेली नाही. ती आवृत्ती १९७८ ची. शार्लीन स्प्रेटनॅक या अमेरिकन लेखिकेने ग्रीकांच्याही आधीच्या देवीकथा कशा असतील याचा अंदाज बांधून त्या नव्याने रचल्या. तिची पर्सेफनी मेलेल्यांच्या कळवळ्यापोटी खाली जाते. गंमत म्हणजे त्या कथेत हेडीस नाहीच! पुढे लोकांनी त्यात नायक बसवला, प्रेम आणलं, आणि 'मूळ' हा शिक्का मात्र तसाच ठेवला.

आज हाताशी असलेली सर्वांत जुनी सविस्तर कथा म्हणजे डिमीटरचं स्तोत्र. ग्रीक महाकवी होमरच्या नावावर मोडतं, पण त्याचं नाही. इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातलं, सुमारे ४९५ ओळींचं काव्य. त्याचं जवळपास संपूर्ण असं एकच हस्तलिखित उरलंय, तेही १७७७ मध्ये मॉस्कोत हाती लागलं. त्यामुळे इटालियन शिल्पकार बर्निनीने १६२१-२२ मध्ये पर्सेफनीच्या अपहरणाचं ते प्रसिद्ध शिल्प घडवलं, तेव्हा त्याच्यापुढे हे स्तोत्र नव्हतंच. युरोपला ही कथा मुख्यतः रोमन कवी ओव्हिडकडून माहीत होती.

स्तोत्रात काय घडतं? मुलगी मैत्रिणींबरोबर फुलं वेचतेय. नार्सिसस नावाच्या एका फुलझाडाच्या मुळातून शंभर फुलं फुटलेली. ती दोन्ही हात पुढे करते, जमीन दुभंगते आणि हेडीस तिला सोन्याच्या रथात घालून नेतो. ती किंचाळते, बापाला, म्हणजे देवांचा राजा झ्यूसला, हाका मारते. आणि बापानेच तर हे लग्न परस्पर ठरवलेलं असतं. नार्सिससही झ्यूसच्याच इच्छेने उगवलेला सापळा. ग्रीक रिवाजात बापाने दिली की मुलगी दिली, आईला विचारायची पद्धत नव्हती. सूर्यदेव हीलिओस तर डिमीटरची समजूत घालतो: जावई काही वाईट नाही, तुझा सख्खा भाऊच आहे, जगाच्या तिसऱ्या हिश्श्याचा राजा आहे. (झ्यूस, डिमीटर आणि हेडीस ही भावंडं, म्हणजे हेडीस पर्सेफनीचा काकाही आणि मामाही. आजच्या कथांमध्ये हे नातं बहुधा गुपचूप वगळलं जातं.)

डिमीटर समजूत घालून घेत नाही. नऊ दिवस अन्नपाणी आणि आंघोळ सोडून मशाली घेऊन हिंडते. शेवटी सरळ संप करते. बी पेरलं तरी उगवत नाही, माणसं उपाशी मरायला लागतात. देवांचे नैवेद्य बंद पडायची वेळ येते तेव्हा कुठे झ्यूस हलतो. एकेक करून सगळे देव विनवणी करायला येतात, ती कुणालाच दाद देत नाही. झ्यूसचा निर्णय फिरवायला लावणारी ही आई आहे. तिला 'अतिकाळजी करणारी, मुलीला कोंडून ठेवणारी बाई' करून टाकणं हे नव्या कथांचं मला सर्वांत न पटणारं काम. हेडीस सौम्य करा, हरकत नाही. पण तो चांगला दिसावा म्हणून डिमीटरला खलनायिका केलीत तर कथेचा कणाच निघून जातो.

तरीही नव्या लेखकांना फट सापडते ती स्तोत्रातच, डाळिंबाच्या प्रसंगात. देवांचा दूत हर्मीस तिला न्यायला येतो तेव्हा पर्सेफनी आनंदाने उडी मारून उठते, आणि हेडीस तिला डाळिंबाचा एक दाणा चोरून देतो, असं कवी सांगतो. पाताळात काही खाल्लं की तिथे परतावंच लागतं, म्हणून थोड्याच ओळींनंतर आई विचारते, "खाली काही खाल्लंस का?" तेव्हा मुलगी म्हणते, त्याने मला जबरदस्तीने, बळ वापरून खायला लावलं. मग ती फुलं वेचायला कोण कोण होतं ते सांगत बसते, चांगली वीसेक नावं! कवीने एक सांगितलं, मुलगी आईला जरा वेगळं सांगते. ती खोटं बोलतेय की आपल्या बाजूने खरंच बोलतेय, हे कवी सोडून देतो. माझ्या मते कुठल्याही कादंबरीपेक्षा ही जागा जास्त बोलते.

दाण्यांचंही असंच. 'सहा दाणे, सहा महिने' हे पाठ्यपुस्तकी गणित स्तोत्रात नाही. तिथे दाणा एक आणि मुक्काम वर्षाचा तिसरा हिस्सा. ओव्हिड एका काव्यात सात दाणे देतो, दुसऱ्यात तीन.

आणि प्राचीन लोक या लग्नाकडे फक्त दुःखाने बघत होते असंही समजू नका. दक्षिण इटलीत लोक्री नावाची ग्रीक वसाहत होती. तिथे इ.स.पू. पाचव्या शतकातल्या भाजक्या मातीच्या पाट्या पुष्कळ सापडल्यात. काहींवर अपहरण आहे, तर काहींवर पर्सेफनी आणि हेडीस राजाराणीसारखे शेजारी बसलेत. लग्न ठरलेल्या मुली त्या वाहत असाव्यात असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे रुबाबदार पाताळराणी ही कल्पना आजची नाही. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यातही तिच्या नावाला 'भयंकर' हे विशेषण लागतं. नव्या कथांनी तिला सत्ता दिली हे मला आवडतं, कारण ती सत्ता मुळात होतीच.

ऋतूंबद्दल एक जाता जाता. स्तोत्रात ती वसंताच्या फुलांबरोबर वर येते, म्हणून खालचा काळ हिवाळा मानतात. पण अथेन्सच्या परिसरात गहू-जव आपल्या रब्बीसारखे, शरदात पेरायचे आणि उन्हाळा लागताना कापायचे. रान सुकतं ते उन्हाळ्यात. म्हणून काही अभ्यासकांना तिचा पाताळवास उन्हाळ्यातला वाटतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

वाचायला सुरुवात स्तोत्रापासूनच करा. ह्यू एव्हलिन-व्हाइट यांचं १९१४ चं इंग्रजी गद्य भाषांतर फुकट मिळतं, भाषा जुनाट आहे पण तासाभरात होतं. नंतर ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'चा पाचवा भाग, म्हणजे प्रेमाचा बाण हेडीसला कसा लागला ते कळेल. तो बाण स्तोत्रात नाही. तुमची प्रेमकथा अर्धवट सोडू नका, ती या दोन्हींनंतर पूर्ण करा. लेखिकेने काय ठेवलं आणि काय बदललं ते आता पानोपानी दिसेल. ग्रीक पुराणातल्या सापांच्या केसांच्या मेडुसाबद्दलही विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, तिथेही ओव्हिडने बराच गोंधळ घातलाय.