हळदीच्या पाकिटाचा रंग

सांगली

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हळदीच्या पाकिटाचा नमुना दोन दिवस टेबलावर ठेवून बघतोय. अक्षरं फार छान बसली आहेत. रंगापाशी मात्र अडखळलो. सांगलीची हळद, आणि पाकीट दुधाळ कॉफीसारखं तपकिरी! फोनवर विचारलं तर म्हणालीस, "काका, सध्या हाच चालतो." हे फोनवर बोलून होणारं नाही, म्हणून पत्र.

चालतो हे खरं. रंगांचे ठरावीक नमुने विकणारी पॅन्टोन कंपनी 2000 सालापासून वर्षाचा रंग जाहीर करते. पहिला होता निळा, 'सेरुलियन'. 2025 चा 'मोका मूस', म्हणजे तुझा तपकिरी. आणि 2026 साठी त्यांनी 'क्लाउड डान्सर' नावाचा पांढरा काढला. आपला व्यापारी पाकिटं एकदम छापून घेतो, गोदामातला गठ्ठा संपेपर्यंत वापरतो. त्याचा गठ्ठा संपायच्या आत तुझा रंग जुना झाला.

चाळीस वर्षं छापखान्यात शाईत हात घातल्यावर एक दिसलं आहे: नव्या रंगाची लाट आली की तिच्या मुळाशी बहुतेक वेळा नवी शाई, नवं यंत्र किंवा नवा स्क्रीन निघतो. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा दगडी कोळशाच्या डांबरातून हिवतापावरचं क्विनाईन बनवायला बसला होता. क्विनाईन झालं नाही, भांड्यात जांभळा रंग उरला. पक्का जांभळा तोवर श्रीमंतांनाच परवडायचा. पुढच्या चार-पाच वर्षांत तो लंडन-पॅरिसच्या रस्त्यांवर सगळीकडे दिसू लागला. 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीला उतरती कळा लागली. एका ठिकाणचा रंग स्वस्त झाला की दुसरीकडचं शेत बसतं, हे विसरू नकोस.

तुमच्या कॉम्प्युटरचंही तेच. नव्वदच्या दशकात बऱ्याच मॉनिटरना एका वेळी 256 च रंग दाखवता यायचे, म्हणून वेबसाइटवाले 216 ठरलेल्या रंगांत काम करत. तो भडकपणा त्यांनी हौसेने निवडला नव्हता. पुढे स्क्रीन सुधारले, आणि 2016 मध्ये इन्स्टाग्रामने जांभळ्यातून केशरीत जाणारं चिन्ह आणल्यावर आपल्या लग्नपत्रिकाही तशाच मागितल्या जाऊ लागल्या. मोबाइलवर तो जांभळा आतून उजेड घेऊन येतो. कागदावर चार शायांत उतरवला की मळकट होतो. गिऱ्हाईक म्हणतं, मशीन बिघडलंय.

माझी एक चूक सांगतो. फ्लेक्स नवे नवे आले तेव्हा एका रोपवाटिकेचा बोर्ड मी हिरवागार केला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या रस्त्याने गेलो, तर सगळी पानं निळी. छपाईत हिरवा म्हणजे सायन, म्हणजे आकाशी निळी शाई, आणि पिवळा. उन्हाने पिवळा खाल्ला, सायन उरला. मालक एका शब्दाने बोलला नाही, पण मला राहवेना. स्वतःच्या खर्चाने बोर्ड बदलून दिला. तेव्हापासून कुठलाही रंग पसंत करण्याआधी नमुन्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून तो गच्चीवर उन्हात ठेवतो. तूही ठेव.

हळद तर या बाबतीत गुरू आहे. राजापुरी जातीचं हळकुंड फोडून बघ: वरून मातकट पिवळं, आत दाट केशरी. तिची पूड ओली करून चुना लावलास तर डोळ्यांदेखत लाल होते. कुंकू असंच करत. आणि हळदीत रंगवलेलं कापड उन्हात वाळत घातलं की फिकं पडतं. तुझ्या मालाच्या अंगातच तीन रंग आहेत, बाहेरून चौथा कशाला आणायचा? पाकिटाचा मुख्य रंग त्या फोडलेल्या हळकुंडाचा घे, वर कुंकवाच्या लालात अक्षरं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते पाठीमागे नीट वाचता येईल असं छाप. हा चेहरा दहा वर्षं टिकला पाहिजे. तपकिरी तुला आवडतोच, तर दिवाळीच्या स्टिकरवर किंवा इन्स्टाच्या पोस्टवर घाल. तिथे चार महिन्यांनी बदलला तर कुणाचं नुकसान नाही.

रंगांची नावंही आपली शिकून घे. कापड पेठेत साड्यांच्या दुकानात तासभर बस. अबोली, मोरपंखी, चिंतामणी, विटकरी, डाळिंबी, पारवा! बाई नाव घेते आणि दुकानदार बरोबर तोच गठ्ठा काढतो. तुझ्या कॉम्प्युटरवरच्या रंगांच्या कोडच्या आकड्यांनी ते होणार नाही. आणि एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन ये. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथल्या संग्रहालयात आहेत. त्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा एकेका रंगासाठी वेगळा दगड लागायचा. घरातल्या जुन्या तसबिरी आठवत त्या तैलचित्रांसमोर उभी राहा. छपाईत काय हरवतं आणि काय भडक होतं ते तुला दिसेल.

नमुना बदललास की रविवारी गणपती पेठेत प्रेसवर ये. दुपारी बारानंतर ये, गच्चीवर ऊन असतं. आणि व्यापाऱ्याकडून मूठभर हळकुंडं आण, त्यांच्याशेजारी ठेवून शाई जुळवू.

तुझा,
काका