नाव चुकलं म्हणून बाप्तिस्मा चुकत नाही

पत्र: ताई, सलाम. मी ३१ वर्षांची, वडगाव शेरीत राहते. पाच महिन्यांची असताना पेठेतल्या आमच्या जुन्या मंडळीत (चर्चमध्ये), डोक्यावर पाणी ओतून, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने माझा बाप्तिस्मा झाला. यांचाही तसाच झालेला. दीड वर्षापासून हे आणि सासूबाई एका नव्या फेलोशिपला जातात. तिथले पास्टर सांगतात की, प्रेषित पेत्राने ‘येशू ख्रिस्ताच्या नावाने’ म्हटलं, तेव्हा तेवढाच बाप्तिस्मा खरा. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे वचन चौथ्या शतकातल्या कॉन्स्टंटाईन या रोमी राजाच्या काळात घुसडलेलं आहे. या दोघांनी गेल्या वर्षी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. पुढच्या महिन्यात खडकवासल्याच्या पाण्यात माझा नंबर आहे. नाही म्हटलं तर तिथे मला प्रभुभोजन मिळणार नाही. त्यात आईने आता सांगितलं की, माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी म्हाताऱ्या पाळकांनी माझं नावच चुकीचं घेतलं होतं. मग माझा बाप्तिस्मा झाला की नाही? आणि आमच्या दोन वर्षांच्या मुलाचं काय करू? आई म्हणते, गुपचूप उरकून घे.

उत्तर: ताई, सलाम. तुमचा बाप्तिस्मा झाला आहे. पाणी होतं, पित्याचं, पुत्राचं व पवित्र आत्म्याचं नाव घेतलं गेलं, देणारा मंडळीचा पाळक होता. पुन्हा घेऊ नका.

आधी नावाचं बघू, कारण पत्रात ती गोष्ट शेवटी आली असली तरी तुमची झोप तिनेच उडवलेली दिसते. बाप्तिस्मा माणसाला होतो, त्याच्या नावाला होत नाही. पाळकाच्या हातात तुम्ही होता, पाणी तुमच्या डोक्यावर पडलं. ‘तुला’ म्हटलं ते तुम्हालाच. या बाबतीत मंडळीचा अनुभव फार जुना आहे. आठव्या शतकात बव्हेरियात एक पुरोहित होता, त्याला लॅटिन धड येत नव्हतं. व्याकरण मोडून तो ‘पित्याच्या, पुत्राच्या’ या शब्दांची रूपंच बिघडवून म्हणत असे. तिथे काम करणारे मिशनरी बिशप बोनिफेस यांनी त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांना पुन्हा बाप्तिस्मा द्यायला सांगितलं. पोप झकरियास यांनी ७४६ साली पत्र लिहून त्यांना थांबवलं: चूक भाषेच्या अज्ञानाची आहे, विश्वासाची नाही, पुन्हा द्यायचा नाही. तिथे तर मुख्य शब्दच अडखळले होते. तुमच्या बाबतीत फक्त तुमचं नाव चुकलं.

तरी मनाची खात्री कागदावर करून घ्या. चर्चच्या ऑफिसात बाप्तिस्म्याचं रजिस्टर असतं. तुमचं नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याचा अंदाजे महिना-वर्ष लिहून अर्ज द्या आणि नोंदीचा उतारा मागा. उताऱ्यात बाप्तिस्म्याची तारीख, धर्ममातापिता आणि पाळकाची सही नीट पाहा. रजिस्टरमध्येही नाव चुकीचं पडलं असेल तर जन्मदाखला दाखवून समासात दुरुस्ती करून घेता येते. दुरुस्ती नोंदीची होते, बाप्तिस्म्याची नाही. एक गोष्ट मात्र उताऱ्यावर सापडणार नाही, ती म्हणजे कोणते शब्द उच्चारले. ते सहसा लिहीत नाहीत. त्यासाठी त्या काळी मंडळीत कोणती उपासनाविधी चालत होती ते प्रेस्बिटरांकडून (मंडळीच्या पाळकांकडून) चार ओळींत लिहून घ्या. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात, घाईने घरी दिलेल्या बाप्तिस्म्याची चौकशी करताना पाळकाने विचारायचे प्रश्न दिलेले आहेत: कोणी दिला, हजर कोण होतं, कशाने दिला, कोणत्या शब्दांनी दिला. तुमच्या आई त्या दिवशी हजर होत्या. त्यांनाच हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा. इतकं करूनही खरोखरीची शंका उरली असती, तर ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ असं आधी म्हणून सशर्त बाप्तिस्मा देण्याची सोय त्याच पुस्तकात आहे. तुम्हाला तिची गरज दिसत नाही.

आता तुमच्या यजमानांच्या पास्टरांचं म्हणणं. ते पोकळ आहे असं समजून वाद घालायला जाऊ नका, अडचणीत याल. प्रेषितांची कृत्ये २:३८, ८:१६, १०:४८ आणि १९:५, या चारही ठिकाणी बाप्तिस्मा येशूच्या नावाने दिल्याचं खरंच लिहिलं आहे. मत्तय २८:१९ मध्ये ‘नाव’ एकवचनी आहे, ‘नावांनी’ नाही, हेही खरं. त्यावरून ते म्हणतात की पिता, पुत्र, आत्मा या पदव्या झाल्या आणि नाव एकच, येशू. हे मत अमेरिकेत पुढे आलं. १९१३ साली लॉस एंजेलिसजवळच्या एका पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याने भरण्यावर भर देणाऱ्या पंथाच्या) शिबिरात त्याची ठिणगी पडली आणि पुढच्या वर्षी काही पाळकांनी एकमेकांना येशूच्या नावाने पुन्हा बाप्तिस्मा दिला. १९१६ साली असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघटनेने त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीच्या) बाजूने ठराव केला, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा पाळक बाहेर पडले. म्हणजे पेंटेकॉस्टल मंडळ्यांतच यावर फूट पडली, आणि त्यांतल्या बहुसंख्य आजही तिघांच्या नावाने बाप्तिस्मा देतात. (आपल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन झालं, ते या वादाच्या आधीचं. आत्म्याने भरणं आणि ‘फक्त येशूच्या नावाने’ हे मत, यांची सांगड घालायचं कारण नाही.)

मग कृत्यांतली ती वचनं कशी वाचायची? चारही शेजारी शेजारी ठेवा. कुठे ‘येशू ख्रिस्त’ आहे, कुठे ‘प्रभू येशू’. ग्रीकमध्ये शब्दयोगी अव्ययंही तीन वेगवेगळी आहेत. मराठीत ‘नावाने’ म्हटलं की तिन्ही त्यात मावतात, म्हणून आपल्याला फरक दिसत नाही. पाण्यात उभं राहून अक्षरशः हेच म्हणा असं कृत्यांचा लेखक लूक सांगत असता, तर शब्द दर वेळी बदलले नसते. तो सांगतो आहे की हा बाप्तिस्मा योहानाचा नाही, येशूचा आहे, येशूच्या अधिकाराने दिलेला आहे. कलस्सै ३:१७ मध्ये जे काही कराल ते प्रभू येशूच्या नावाने करा असं आहे, म्हणून आपण प्रत्येक भाकरी थापताना ते शब्द उच्चारत नाही. आणि कृत्ये १९ मधली इफिसची हकीकत यांच्यासोबत बसून वाचा. ते बाराएक शिष्य म्हणाले, पवित्र आत्मा आहे हे आम्ही ऐकलंही नाही. त्यावर पौलाचा लगेचचा प्रश्न असा की, मग तुम्ही बाप्तिस्मा कसला घेतलात? बाप्तिस्म्यात आत्म्याचं नाव कानांवर पडतं असं तो गृहीत धरून चालला आहे, असं मला वाटतं, आणि जुन्या भाष्यकारांनीही ते तसंच वाचलं आहे.

कॉन्स्टंटाईनची गोष्ट मात्र सरळ चुकीची आहे आणि ती चुकीची आहे हे तुम्ही नि:शंक सांगा. मत्तयाच्या शेवटच्या ओळी ज्या ज्या ग्रीक हस्तलिखितांत शाबूत आहेत, त्या सगळ्यांत हे शब्द आहेत. चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस हे वचन कधी कधी तोकडं करून देतो, त्यावर सगळी इमारत उभी केलेली आहे. तोच युसेबियस इतर ठिकाणी ते पूर्णही देतो. त्याहून मोठा पुरावा ‘दिदाखे’ या पुस्तिकेचा. पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला ती लिहिली गेली, म्हणजे कॉन्स्टंटाईनच्या दोनशे वर्षं आधी. तिच्या सातव्या अध्यायात सांगितलं आहे की पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड चालत नसेल तर कोमट. पुरेसं पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. आणि नवव्या अध्यायात त्याच लोकांना ती ‘प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा घेतलेले’ म्हणते. एकाच बाप्तिस्म्याची ही दोन बोलणी, एकाच पुस्तिकेत. ओतून दिलेला बाप्तिस्मा कमी दर्जाचा म्हणणाऱ्यांनाही यात उत्तर आहे.

शब्द कसेही असले तरी चालतात, असं मी म्हणत नाही. शब्दांना वजन आहे. ६ ऑगस्ट २०२० रोजी रोमने, म्हणजे कॅथलिक मंडळीच्या मुख्यालयाने, ‘मी’ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असं म्हटलेले बाप्तिस्मे अवैध ठरवले. पुढे अमेरिकेत फिनिक्सच्या एका धर्मगुरूंनी वर्षानुवर्षं ‘आम्ही’ म्हटल्याचं उघड झालं आणि हजारो लोकांचे बाप्तिस्मे अवैध धरले गेले. मराठीत मोठी माणसं सहज स्वतःला ‘आम्ही’ म्हणतात, म्हणून आपल्याकडे हे विशेष जपायला हवं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ‘देवाचा हा सेवक बाप्तिस्मा पावत आहे’ असं म्हणतात, ते रोमलाही मान्य आहे, कारण तिघांचं नाव तिथे जागच्या जागी आहे. नुसत्या येशूच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा मात्र आज कॅथलिक आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या धरत नाहीत. उद्या तुमच्या घरी कोणी मंडळी बदलली, तर हा प्रश्न पुन्हा दारात येईल. यांचं त्या बाबतीत अडणार नाही. यांचा लहानपणचा बाप्तिस्मा उभा आहे, जुन्या मंडळीच्या लेखी गेल्या वर्षीच्या विधीने त्यात भरही पडली नाही आणि तो पुसलाही गेला नाही.

‘घरात शांतता राहावी म्हणून एकदा बुडून येते’ हा विचार तुमच्या मनात आला असणार. पत्रातल्या ‘माझा नंबर आहे’ या शब्दांत मला तो ऐकू येतो. तसं करू नका. पाण्यात उतरताना तुम्हाला सर्वांसमोर साक्ष द्यावी लागेल की आजवर तुमचा बाप्तिस्मा नव्हता. तुम्ही तसं मानत नाही. देवासमोर खोटं बोलून मिळवलेली शांतता घरात टिकत नाही. शिवाय एकदा दिलेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही हे मंडळीने फार कष्टाने ठरवलं आहे. इ.स. २५५-२५६ मध्ये रोमचे बिशप स्टीफन आणि कार्थेजचे बिशप सिप्रियन यांचं यावरूनच बिनसलं होतं. ३१४ साली आर्लच्या परिषदेने नियम घातला की वेगळ्या पंथातून कोणी आला तर त्याला त्याचा विश्वास विचारा. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झाला असेल तर फक्त हात ठेवा.

यांच्याशी बोलताना दोघंच असताना बोला, सासूबाईंसमोर नको आणि रविवारी फेलोशिपहून परतताना रिक्षातही नको. ‘तुमचं चुकलं’ इथून सुरुवात करू नका. ‘तुम्ही विश्वासाने घेतलात, मी त्याचा मान राखते, माझा झालेला आहे, मी तो नाकारू शकत नाही’ एवढंच म्हणा. मग १ करिंथ १:१३ ते १७ एकत्र वाचा. तिथेही कोणाचा बाप्तिस्मा कोणाकडून यावरून गट पडले होते, आणि पौल म्हणतो की मी क्रिस्प, गायस आणि स्तेफनाचं घराणं यांच्याशिवाय कोणाला दिल्याचं आठवत नाही. पास्टरांना निरोप यांच्याकडून न पाठवता स्वतः भेटून सांगा, म्हणजे यांची दोन्हीकडून ओढाताण होणार नाही. त्यांच्या मंडळीचं प्रभुभोजन कोणाला द्यायचं हे ते ठरवणार. तुम्ही उपासनेला बसा, भाकर आणि प्याला पुढे गेला तर जाऊ द्या, आणि महिन्यातून एक रविवार आपल्या मंडळीत प्रभुभोजन घ्या. तेवढं यांच्याकडे हक्काने मागा.

मुलाचा बाप्तिस्मा यांच्या पाठीमागे करू नका. आईंची कळकळ मला समजते, पण लपवून दिलेल्या बाप्तिस्म्याची गोष्ट एक दिवस उघडी पडते, आणि मग मुलाच्या आयुष्यातल्या पवित्र दिवसावर आईबापांच्या भांडणाचा डाग बसतो. तुमची जुनी मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असेल तर तिथे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. १९७० साली सहा मंडळ्या एकत्र आल्या, त्यांत बॅप्टिस्टही होते, म्हणून बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी स्वतःच्या विश्वासाने घेतलेला बाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले. सध्या बाळाचं समर्पण करून घ्या, म्हणजे पाण्याशिवाय, प्रार्थना करून त्याला देवाच्या हाती सोपवा. त्याला हे बहुधा विरोध करणार नाहीत, कारण नव्या फेलोशिपमध्येही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा सहसा देत नाहीत. आईंना सांगा की समर्पणाच्या दिवशी तुम्हीच बाळाला हातात घेऊन पुढे जायचं.